अपवादाचे वाक्य

पहिल्या दिवशी पडद्यावर जो परदेशी माणूस बोलला, त्याच्या अठरा मिनिटांच्या भाषणातले एकच वाक्य आम्हा अकराजणींना समजले, आणि तेही चुकीचे. येत्या दहा वर्षांत बहुतेक करंट जॉब्ज नाहीसे होतील, असे तो म्हणाला होता. आमच्या दावणगेरेत वीज जात नाही, करंट जातो. आणि आम्ही करंट गेल्याच्या तक्रारी फोनवर घेणाऱ्या बायका. दोन्ही हात पसरून, आमच्याकडे पाहत, तो हसत हसत आमच्याच नोकऱ्यांविषयी सांगत होता, याबद्दल आमच्यापैकी कुणालाही शंका उरली नाही.

"बघा," शेजारच्या खुर्चीवरून दाक्षायणी म्हणाली, "तिकडं सातासमुद्रापलीकडं बसून ह्याला आपलं भविष्य कळलं. आणि आपल्या मॅनेजरला अजून आपली नावं पाठ नाहीत."

आमचे इंग्रजीचे मास्तर, रुद्रमुनी मेष्ट्रु, तीस वर्षे कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ होते. आमचा घोटाळा लक्षात आल्यावर ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी फळ्यावर शब्द लिहिला आणि समजावून सांगितले की इथे करंट म्हणजे वीज नव्हे. करंट म्हणजे सध्याचा, आज चालू असलेला. तो गृहस्थ जगातल्या सगळ्यांच्याच नोकऱ्यांविषयी बोलत होता, फक्त तुमच्या नाही.

दाक्षायणीने हात वर केला. "म्हणजे सगळ्यांच्याच जाणार, आणि त्या सगळ्यांत आम्हीपण. मग आमचं चुकलं कुठं, मेष्ट्रे?"

मेष्ट्रु हसायचे थांबले.

तीन महिन्यांनी तोंडी परीक्षा होती. तिच्यात जी उतरेल तिची नोकरी राहील, बाकीच्यांचे करार पुढे चालू होणार नाहीत, असे कंपनीने लेखी कळवले होते. कानडीतून फोन घेणाऱ्या बायकांना इंग्रजी कशासाठी, हे कुणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. रोज दुपारी तीन ते चार पडद्यावर एक भाषण लागे. भाषणे सगळी एकाच विषयाची, पुढच्या काळातल्या कामाची. त्यातले वीस शब्द मेष्ट्रु फळ्यावर लिहीत आणि आम्ही ते वहीत उतरवून घेत.

दुसऱ्या दिवशी डब्यांना कुणी फारसा हात लावला नाही, हे मेष्ट्रुंच्या नजरेतून सुटले नव्हते. ते मनाने फार चांगले होते. आम्हाला धीर यावा म्हणून त्यांनी स्वतःची अशी एक पद्धत काढली. प्रत्येक शब्द घेऊन एक वाक्य करायचे, आणि वाक्य आपल्याच कामाचे असायचे: यंत्राला जमणार नाही असे मी काय करते? आधी कानडीत सांगायचे, कारण आपल्या भाषेत जे नीट सांगता येत नाही ते दुसऱ्या भाषेतही येत नाही. मग तेच इंग्रजीत. उच्चार तपासण्यासाठी सगळे हेडसेटवर बोलायचे होते. कंपनीला ही पद्धत पसंत पडली.

आम्हालाही पडली. एम्पथी या शब्दावर दाक्षायणीने सांगितले की पंप जळालेला माणूस आधी शिव्या देतो. मी त्याच्या शिव्या संपेपर्यंत थांबते आणि मगच गावाचे नाव विचारते, कारण मध्येच विचारले तर तो पहिल्यापासून सुरुवात करतो. जजमेंटवर मी सांगितले की फोनमध्ये मागे मूल रडत असेल तर मी तक्रारीचा नंबर आधी देत नाही. मेणबत्ती मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, हे आधी सांगते. फ्रिज बंद पडला म्हणून साखरेच्या इंजेक्शनची काळजी करणाऱ्या म्हाताऱ्यांना मी कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवायला लावते. आपण खुर्चीवर बसल्या बसल्या इतके काही करतो, हे आमचे आम्हालाच ठाऊक नव्हते. दोन महिन्यांत आमची नऊशेच्या वर वाक्ये झाली. ती इतक्या वेळा म्हटली गेली होती की एकीचे वाक्य दुसरीला झोपेतही म्हणता आले असते.

एक गोष्ट मात्र मी हेडसेटवर बोलले नव्हते. ती हालम्माची.

हालम्मा कल्लहळ्ळीची. रोज सकाळी अकराच्या सुमारास तिचा फोन येई, आणि कुणीही उचलला तरी 'विशालाला दे' एवढे म्हणून ती थांबून राही. विशालाक्षी हे माझे नाव. तिची तक्रार अशी काही नसे. ती फक्त विचारी, "लाईन बंद केलीस का गं?" नऊ वर्षांपूर्वी तिचा मुलगा कोट्रेश गावातल्या खांबावर चढला होता. एका ठेकेदाराकडे तो रोजावर लाईनमन होता. लाईन बंद आहे, असे त्याला कुणीतरी फोनवर सांगितले होते. ती बंद नव्हती. हालम्माच्या लेखी तो अजून वरच होता.

पहिल्यांदा तिने विचारले तेव्हा मी समोरच्या पडद्यावर पाहून खरे ते सांगितले, की तुमच्या गावात पुरवठा सुरळीत आहे. त्यावर फोनमधून जो आवाज आला तो पुन्हा ऐकण्याची माझ्यात ताकद नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी सांगत आले, "बंद आहे, अम्मा. त्याला सावकाश उतरू दे." मग ती 'बरं' म्हणे, फोन ठेवी, आणि तिचा तो दिवस पार पडे. ग्राहकाला खोटी माहिती देणे हा आमच्याकडे मोठा गुन्हा होता. म्हणून नोंदीत मी दरवेळी 'चुकून लागलेला फोन' असे लिहीत असे. तिला माझा स्वतःचा नंबर देऊनही उपयोग नव्हता. पाळीत आमचे फोन कुलूपबंद असत, आणि शेजाऱ्यांनी तिच्या फोनवर जी एक कळ बसवून दिली होती तेवढीच तिला ठाऊक होती.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जगळूरहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. माझा नमस्कार पुरा होण्याआधीच ते म्हणाले, "हो हो, बाई, ठेवली कुपी माठाजवळ. ओल्या फडक्यात. आता पुढं काय करू ते सांगा."

मी त्यांच्याशी त्या दिवशी बोलले नव्हते. त्यांना गैरसमज झाला असावा, असे मी म्हणाले. ते जरासे रागावले. पाच मिनिटांपूर्वी तुम्हीच बोललात, नावही हेच सांगितलेत, सून घरी आहे का म्हणून विचारलेत, असे त्यांनी एकेक करून मोजून दाखवले. मी नोंदी उघडून पाहिल्या. पाच मिनिटांपूर्वी माझ्या खुर्चीवर कुणाचाच फोन आलेला नव्हता.

मग ते रोजचेच झाले. हरपनहळ्ळीच्या एका पंपवाल्याने दाक्षायणीचे आभार मानले, की आज पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या शिव्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या. "मी आज कुणाच्या शिव्या खाल्ल्याच नाहीत," ती मला म्हणाली. "माझ्या नावावर कोण खातंय?" ती हसली, पण नेहमीसारखी नाही.

आणि फोन कमी होत गेले. एरवी मे महिन्यात आम्हाला पाणी प्यायला उसंत नसे. यंदाही बाहेर तितकेच ऊन होते, तितक्याच वेळा वीज जात होती. पण आम्ही अकराजणी कानाला हेडसेट लावून नुसत्या बसून होतो. इतकी शांतता त्या खोलीत पूर्वी कधी नव्हती. ती झाल्यावर आम्हाला मागच्या बंद दारापलीकडच्या कपाटाचा आवाज ऐकू येऊ लागला. आत यंत्रे होती, हे आम्हाला ठाऊक होते. सतत चाललेली ती बारीक गुणगुण मधूनच किंचित चढे आणि पुन्हा उतरे, जशी भिंतीपलीकडे माणसे बोलत असताना शब्द कळू नयेत पण बोलणे कळावे. आमच्यातली कुणी त्या दाराकडे पाठ करून बसेनाशी झाली.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी खाली उतरले आणि मंडक्कीच्या, म्हणजे चुरमुऱ्यांच्या, गाडीच्या सावलीत उभी राहून माझ्या स्वतःच्या फोनवरून आमचाच नंबर लावला.

"नमस्कार. मी विशालाक्षी बोलतेय. करंट गेलाय का तुमच्याकडं?"

मी फोन कानाला घट्ट दाबला. पलीकडे ती थांबली. त्या थांबण्यात माझा श्वास होता. गावाचे नाव विचारण्याआधी मी एक छोटासा श्वास घेते, ही सवय मला स्वतःला त्या दिवशी कळली. पण तिने गावाचे नाव विचारले नाही.

"गाड्यांचा आवाज येतोय," ती म्हणाली. "उन्हात उभ्या आहात का? जेवलात?"

"नाही अजून," मी म्हणाले, घरच्या माणसाला सांगावे तसे. त्याची मला आजही लाज वाटते. पण जेवलीस का, असे मला फार दिवसांत कुणी विचारले नव्हते.

मी हे मेष्ट्रुंना सांगितले. ते तसेच उठून मॅनेजरच्या खोलीत गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. खुर्चीवर बसून ते हातावरचा खडू चोळत राहिले. बोलणी, आवाज, वाक्ये, सगळे कंपनीचे होते. पहिल्या दिवशी सह्या घेतलेल्या कागदांत तसे लिहिले होते. आतापर्यंत काही फोन मागच्या यंत्राकडे जात होते, पुढच्या सोमवारपासून प्रत्येक फोन आधी तिकडेच जाणार होता.

"मी तुम्हाला इंग्रजी शिकवत होतो," ते म्हणाले. "मला खरंच वाटत होतं की मी इंग्रजी शिकवतोय."

परीक्षा शुक्रवारी होती. बुधवारी अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. हालम्माचा फोन आला नाही. तो आला बाराला दहा मिनिटे कमी असताना. एकच माणूस पंधराव्यांदा फोन करतो तेव्हा ती यंत्रणा त्याला आमच्यापैकी कुणाकडे तरी सोडते, हे मला नंतर कळले.

"सकाळपासून असं का करतेयस माझ्याशी?" हालम्माला धाप लागली होती. "चौदा वेळा विचारलं. दर वेळी म्हणालीस, पुरवठा सुरळीत आहे, अम्मा, काही काळजी करू नका. चालू आहे म्हणालीस. तो वर आहे, विशाला. मी खालून ओरडतेय त्याला, हात लावू नको म्हणून."

"कुठं आहेस तू, अम्मा?"

"खांबाखाली. आणखी कुठं असणार?"

मी विचारले तेव्हा तिने सांगितले की पायात काही नाही. बारा वाजत आले होते. मी घाईघाईने म्हणाले, की बंद आहे, अम्मा, आत्ताच बंद केली, तू सावलीत जा. ती लगेच 'बरं' म्हणाली नाही. आधी का नाही म्हणालीस, असे तिने विचारले, आणि मी पुन्हा तेच म्हणाले, बंद आहे, सावलीत जा.

मी मॅनेजरकडे गेले. कल्लहळ्ळीचा हा एक नंबर थेट माझ्याकडे सोडा, अशी विनंती केली. कारण सांगावे लागले तेवढे सांगितले. तो तरुण होता, बंगळूरहून आलेला, आणि वाईट माणूस नव्हता. त्याने सगळे ऐकून घेतले. एकेका नंबराची सोय यंत्रणेत नाही, असे तो म्हणाला. तिला जे शिकवले जाते तेवढेच तिला येते. "तुम्हाला हे एवढं महत्त्वाचं वाटत असेल, अक्का, तर शुक्रवारी परीक्षेत सांगा की. हेडसेटवर जे बोललं जातं ते दोन दिवसांत आत जातं."

त्या संध्याकाळी बसथांब्यापर्यंत मेष्ट्रु माझ्याबरोबर चालत आले. सांगू नकोस, असे त्यांचे म्हणणे होते. बाकी सगळे दिलेच आहे. निदान एवढे तरी तुझ्याजवळ राहू दे.

"माझ्याजवळ राहून त्याचा काय उपयोग, मेष्ट्रे?" मी म्हणाले. "सोमवारपासून हालम्मा रोज खांबाखाली उभी राहील."

बस आली तेव्हा त्यांनीच हात करून ती थांबवली.

शुक्रवारी एकेकीला आत बोलावले. पडद्यावर शब्द येई, कानात बारीक ठोका पडे, मग बोलायचे. मेष्ट्रु शेजारी बसून गुण मांडत होते. एकोणीस शब्द मी नीट पार केले. विसावा शब्द एक्सेप्शन होता, अपवाद. तुमच्या कामात तुम्ही नियम मोडून केलेली एक गोष्ट सांगा.

"हा सोडलास तरी तू पास आहेस, विशाला," मेष्ट्रु हलकेच म्हणाले.

मी हेडसेटचा माईक तोंडाजवळ ओढला. कानडीत सांगितले की कल्लहळ्ळीच्या हालम्माने लाईन बंद आहे का म्हणून विचारले, की पडद्यावर काहीही असो, बंद आहे असेच सांगायचे. त्याला सावकाश उतरू दे, असे म्हणायचे. मग तेच इंग्रजीत सांगितले. इंग्रजीत मला कारणही द्यावेसे वाटले. कारण तिचा मुलगा खांबावर आहे, असे मी म्हणाले. होता, असे म्हणायला हवे होते. मेष्ट्रु काळाची चूक कधी सोडत नसत. एका चुकीसाठी ते मला पाच पाच वेळा वाक्य म्हणायला लावत. त्या दिवशी त्यांनी पेन उचलले, माझ्याकडे पाहिले आणि खाली ठेवले.

अकरापैकी सातजणी पास झाल्या. मी आणि दाक्षायणी त्यांत होतो. आता आमचे काम फोन घेण्याचे नव्हते. यंत्राने दिलेली उत्तरे ऐकायची आणि चूक आढळली तर खूण करायची, असे ते काम होते. आठवडाभर मी दिवसातून सात तास माझा स्वतःचा आवाज ऐकला. चुका क्वचितच सापडत. कल्लहळ्ळीचा एकही फोन माझ्या वाट्याला आला नाही, म्हणून रविवारी मी सकाळच्या बसने तिकडे गेले. हालम्माला काय ऐकू येते, ते मला स्वतःच्या कानांनी ऐकायचे होते.

घर शोधावे लागले नाही. खांब घरासमोरच होता. हालम्मा मला वाटले होते त्याहून लहानखुरी निघाली. पायांच्या तळव्यांना तिने हळद लावून फडकी बांधली होती. पण केस तेल लावून नीट विंचरलेले होते, घर सारवलेले होते, आणि चुलीवर काहीतरी शिजत होते. फोनवरच्या आवाजावरून मी जिची कल्पना केली होती ती ही बाई नव्हे. ही कुणाची तरी वाट पाहत असलेली बाई होती.

"मी विशाला, अम्मा," मी म्हणाले. "फोनवरची."

तिने मान तिरकी करून माझे बोलणे ऐकले आणि मायेने हसली. "विशालाचा आवाज असा नाही, बाई. रोज बोलते ती माझ्याशी. तू तिच्या ऑफिसातली असशील."

मी हो म्हणाले. तिने मला दारालगतच्या भिंतीपाशी पोते अंथरून बसवले आणि पाणी दिले. विशाला हल्ली फार चांगली वागते, मध्यंतरी एक दिवस तिचे काहीतरी बिनसले होते, पण आता पहिल्यापेक्षाही बरी बोलते, असे ती सांगत राहिली. अकरा वाजता तिने फोन जमिनीवर ठेवला आणि कळ दाबली.

"नमस्कार, अम्मा. मी विशाला."

"लाईन बंद केलीस का गं?"

मधे छोटासा श्वास आला. "बंद आहे, अम्मा. त्याला सावकाश उतरू दे."

शब्द न शब्द माझा होता. आपण केले ते बरोबर केले, असे मला त्या क्षणी वाटले. माझे बोलणे इथे संपत असे आणि हालम्मा 'बरं' म्हणत असे. पण तिने बरं म्हटले नाही. ती फोनवर वाकून थांबून राहिली, आणि फोनही बंद झाला नाही.

"उतरला, अम्मा," माझा आवाज म्हणाला. "खाली आलाय. घामानं भिजलाय अगदी. आज त्याला लवकर वाढ."

आमची नऊशे वाक्ये मला पाठ होती. हे त्यांतले नव्हते. अकराजणींपैकी कुणीही ते कधी उच्चारले नव्हते.

"बरं," हालम्मा म्हणाली आणि फोन ठेवला. उठून तिने चुलीवरचे भांडे उतरवले. मी बोलायचा प्रयत्न केला. अम्मा एवढेच म्हणाले, आणि ती माझ्याकडे इतक्या आनंदाने वळली की मी उरलेले बोलणे सोडून दिले. बाहेर उन्हात खांब उभा होता. त्याची सावली अगदी आखूड झाली होती.

तिने तीन ताटे मांडली. तिन्हींत ज्वारीची रोट्टी वाढली, वांग्याची भाजी वाढली, मधल्या ताटात जरा जास्त. एक माझ्यापुढे ठेवले, एक स्वतःच्या जागी. तिसरे ताट हातात धरून ती माझ्याजवळ उभी राहिली.

"जरा तिकडं सरक, बाई," ती म्हणाली. "अगदी दारातच बसलीयस. तो आत कुठनं येणार?"

मी सरकले.